रविवारी अकरा वाजता मंगळावर

रामकिसन तुपे मंगळावर उतरला तेव्हा त्याच्या छातीवर ‘जेवणानंतर एक गोळी, दिवसातून दोनदा’ असं स्वच्छ अक्षरात छापलेलं होतं.

यात त्याचा एकट्याचा दोष नव्हता. अंतराळवीराला चंदेरी पोशाख लागतो, आणि चिकलठाण्याच्या एमआयडीसीत चंदेरी म्हणावी अशी एकच वस्तू फुकट मिळते, ती म्हणजे औषधाच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं करताना वाया जाणारा कागद. रामकिसन पत्र्याचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता, आणि स्टोअरकीपर लोकांचं आपापसांत गूळपीठ असतं. त्यानं शेजारून दोन भेंडोळी आणली. छपाई आतल्या बाजूला घेऊन पोशाख शिवायचे असं ठरलं होतं. पण पहिल्याच मापाला ती शाई त्याच्या पांढऱ्या शर्टाला लागली आणि त्याच्या बायकोनं, सारजानं, शिवणयंत्र थांबवलं.

“शर्ट कोण धुणार? मंगळावरची माणसं?” ती म्हणाली. “छपाई बाहेर राहू द्या. टीव्हीत एवढं बारीक कोणाला दिसतंय?”

दिसलं. सिडकोतल्या एकशे चाळीस घरांना दिसलं. सोमवारी कारखान्याच्या गेटवर वॉचमननं सलाम ठोकून “साहेब, जेवण झालं का?” असं इतक्या काळजीनं विचारलं, की दोन मिनिटं रामकिसनला तो आदरच वाटला.

आता ही मंगळमोहीम म्हणजे काय, एवढं सांगायला हवं. एमआयडीसीजवळच्या कामगार कॉलनीत पंचाहत्तर, शहात्तर आणि सत्त्याहत्तर साली गणपतीच्या दहा दिवसांत रोज संध्याकाळी एक, असे दर वर्षी दहा भाग व्हायचे. लिहायचा रामकिसन. कप्तान व्हायचा त्याचा जिवलग दोस्त, टर्नर सखाराम हिवराळे. यान पिंपाचं होतं, तारे म्हणजे पडद्याला पाडलेली भोकं होती, आणि तरी सखाराम पुढं येऊन “पृथ्वीला कळवा, आम्ही सुखरूप आहोत” म्हणाला की आठशे माणसांची कॉलनी श्वास सोडायची. दुसऱ्या पाळीचे लोक रजा टाकायचे. बायका पोळ्या दुपारीच लाटून ठेवायच्या.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यातल्या खेड्यांमध्ये दलितांची घरं पेटली. सखाराम गावाकडं धावला आणि सात माणसं घेऊन आपल्या एका खोलीत परत आला. त्या वर्षी गणेश मंडळानं ‘परिस्थिती पाहता’ मोहीम रद्द केली. तशी नोटीस लागली आणि तिच्यावर चिटणीस म्हणून सही होती रामकिसन तुपेची. सखारामची खोली रामकिसनच्या खोलीपासून चाळीस पावलांवर होती. पहिल्या दिवशी तो गेला नाही, कारण वातावरण तापलेलं होतं. दुसऱ्या दिवशी गेला नाही, कारण लोक काय म्हणतील. आठवड्यानं गेला नाही, कारण आता कोणत्या तोंडानं जायचं. दोन महिन्यांनी सखारामनं कॉलनी सोडली. या गोष्टीची रामकिसनला लाज वाटायची, खरोखर वाटायची. पण तो ती कोणाला दाखवायचा नाही, आणि अशानं बघता बघता पंधरा वर्षं झाली.

मग त्र्याण्णव साली बन्सी आला. बन्सीची औरंगपुऱ्यात व्हिडिओ लायब्ररी होती, आणि आता सिडकोच्या गच्च्यांवरून त्यानं केबलची वायर ओढली होती. रविवारी अकराला दाखवायला त्याच्याकडं काही नव्हतं.

“भाऊ, तुमची मंगळमोहीम नव्यानं काढू,” तो म्हणाला. “कलरमधी. मॉडर्न. आर्ध्या कॉलनीनं सिडकोत घरं घेतलेत, लोक आजून नाव काढतेत.”

रामकिसन तिथल्या तिथं हो म्हणाला. कप्तान कोण, हा प्रश्न आला तेव्हा त्यानं खूप शोध घेतला असं तो पुढं सांगायचा. हा शोध त्यानं घरच्या आरशासमोर घेतला आणि तो पाच मिनिटांत संपला.

शूटिंगला बन्सीनं सोनाजीला धरलं. सोनाजीनं आजवर साडेतीनशे लग्नं काढली होती, आणि त्याच्या लेखी कॅमेऱ्यापुढं उभं राहणारं प्रत्येक माणूस नवऱ्याकडचं नाही तर नवरीकडचं होतं. यान म्हणून सारजाच्या माहेरचा लोखंडी कूलर, त्याला पत्र्याचं दार बसवून, उभा केला होता. तो मंगळावर टेकला त्या क्षणी पडद्याच्या चारही कोपऱ्यांतून गुलाब आले, मधोमध जमले, त्यांचा बदाम झाला आणि बदामात रामकिसनचा चेहरा उगवला. खालून ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय’ अशी अक्षरं धावली, ती आधीच्या लग्नाची पुसायची राहून गेली होती. त्यानंतर सोनाजीनं सातही अंतराळवीरांना ओळीनं जेवताना दाखवलं. हे कथेत नव्हतं. पण जेवणाचं शूटिंग नसलं तर पाहुणे नाराज होतात, हा त्याचा अनुभव होता.

केबल नसलेली माणसं भागाची कॅसेट दुकानातून भाड्यानं न्यायची. लोकांनी काय म्हटलं ते कळावं म्हणून बन्सीनं दुकानात एक जाड वही ठेवली होती, ‘प्रेक्षकांचे अभिप्राय’ अशी. पेन दोरीनं बांधलेलं होतं. पहिल्या भागानंतर त्या वहीत अकरा पानं भरली आणि त्यातली तीन एकट्या तात्यासाहेबांची होती. तात्यासाहेब पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले, रामकिसनचे शेजारी आणि जुन्या मंडळाचे अध्यक्ष. जुने तीसच्या तीस भाग त्यांनी पहिल्या रांगेत बसून पाहिलेले. ते मुद्द्यांना आकडे घालूनच लिहायचे.

‘१. यान हे कूलर असून मागच्या बाजूचं गवत दिसतं. २. जुन्या मोहिमेत यान पिंपाचं होतं, परंतु ते यान वाटे. ३. कप्तान कोण हे शेवटपर्यंत समजलं नाही. जे गृहस्थ पुढं उभे होते ते स्टोअरकीपर वाटतात.’

रामकिसनची आई दगडाबाई मुद्दाम करमाडहून बघायला आली होती. तिनं पूर्ण भाग डोळे न हलवता पाहिला आणि पदर सावरत म्हणाली, “मंगळावर जायला सवड हाय, करमाडला यायला नाय.”

बाकीचे अभिप्राय रस्त्यानं मिळत होते. दुधाच्या रांगेत, रेशनवर, न्हाव्याकडं गळ्याला वस्तरा लावलेला असताना, सगळीकडं सूर एकच. नवं चकचकीत आहे, पण जुन्याची सर नाही. ज्यांनी जुनी मोहीम पाहिलीच नव्हती, जे सत्त्याहत्तर साली जन्मले होते, तेही जुन्याची सर नाही असं म्हणायला लागले. आणि प्रत्येकाचं शेवटचं वाक्य ठरलेलं होतं, “तो आधीचा कप्तान कुठं असतो हो?”

रामकिसन म्हणायचा, “असेल कुठंतरी.” सखाराम वाळूजला फोरमन आहे आणि भीमनगरला राहतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या भागात कूलर दिसू नये म्हणून सगळी मोहीम हर्सूलला, तलावाच्या मागच्या मुरमाड टेकाडावर नेली. जागा झकास होती. तांबडी माती, दगड, झाड नाही. रामकिसन हातात झेंडा घेऊन ‘या निर्जन ग्रहावर’ असं म्हणाला आणि टेकाडावरून साठ मेंढ्या उतरल्या. त्यांच्यामागं कडूबा धनगर आला.

“ए, थांबव! थांबव!” रामकिसन ओरडला. “इथं जिवंत काही चालत नाही. हा मंगळ आहे.”

“आसंल,” कडूबा शांतपणे म्हणाला. “पर आमी हितं आखाडापसून चारतोय.”

तेवढ्यात एका काळ्या मेंढीनं दोन नंबरच्या अंतराळवीराची मांडी खायला घेतली. कागद चरचरत फाटला. अंतराळवीर पळाला, मेंढी मागं, आणि सोनाजीनं, वरात निघाली की कॅमेरा थांबवायचा नाही या हिशेबानं, सगळं घेतलं.

हा भाग लोकांना प्रचंड आवडला. वहीत ‘मेंढ्यांचं काम उत्तम’, ‘मेंढ्या अजून दाखवा’, ‘कप्तान कमी करून मेंढ्या वाढवाव्यात’ असं लिहून आलं. तात्यासाहेबांनीसुद्धा ‘४. मेंढ्या नैसर्गिक वाटल्या’ असं मान्य केलं. बुधवारी कडूबा स्वतः औरंगपुऱ्यात दुकानावर येऊन उभा राहिला. रामकिसनला वाटलं आभार मानायला आला असेल.

“काळी म्होरकी हाय आमची,” कडूबा म्हणाला. “तिला पाठमोरी दावली. लई वंगाळ दिसलं ते.”

रामकिसन त्या दिवशी जेवला नाही. सत्तावीस वर्षं नोकरी, चार माणसांत मान, दोन एकांकिका स्पर्धांची प्रमाणपत्रं भिंतीवर, आणि आपल्याहून मेंढी बरी ठरते याचं दुःख बायकोलाही सांगता येत नाही. सांगितलं असतं तर ती हसली असती.

तिसऱ्या भागाला आणखी एक विघ्न आलं. विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय आज होतो, उद्या होतो अशी हवा होती, आणि शहरात जमावबंदी लागली होती. शिवाय हर्सूलला जेल जवळ, तेव्हा कॅमेरा दिसला की पोलीस येणारच. रामकिसननं रीतसर परवानगी काढायचं ठरवलं. एका कचेरीत अर्ज दिला, त्यांनी दुसरीकडं पाठवलं, तिथल्या कारकुनानं अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला.

“ठिकाण, मंगळ?”

“म्हणजे कथेत मंगळ. तसं हर्सूल.”

“मग तसं लिहा. मंगळ आमच्या हद्दीत येत नाही.”

परवानगी मिळाली, पण पाच किंवा अधिक माणसं एकत्र जमायची नाहीत या अटीवर. अंतराळवीर सात होते. टेकाडाखाली एक हवालदार स्टूल टाकून बसला आणि डोकी मोजू लागला. मंगळावर एका वेळी चौघेच. पाचवा उतरला की शिट्टी. सोनाजी कॅमेऱ्यामागं असला तरी हवालदार त्यालाही धरायचा, म्हणजे खरे तिघेच. कडूबा लांबून जवळ यायला लागला की एक अंतराळवीर घाईघाईनं पृथ्वीवर परतायचा.

तिघांत संवाद होईनात. तेव्हा रामकिसनला ट्रंकेतली कॅसेट आठवली. सत्त्याहत्तर सालचा शेवटचा भाग कोणीतरी टेपरेकॉर्डरवर धरला होता. त्यातला सखारामचा आवाज त्यानं काढला आणि पृथ्वीवरच्या नियंत्रण कक्षाचा आवाज म्हणून तिसऱ्या भागात घातला. त्याला वाटलं, किती नामी युक्ती! विचारायचं मनात आलं नाही असं नाही. मनात आलं, आणि त्यानं ते बाजूला सारलं.

दोन जानेवारीला भाग लागला. खरखरत्या टेपवरून तो आवाज घुमला, “पृथ्वीला कळवा, आम्ही सुखरूप आहोत,” आणि वास्तविक पृथ्वीनंच पृथ्वीला काय कळवायचं हा प्रश्न एकाही प्रेक्षकाला पडला नाही. बन्सीचा फोन दुपारपर्यंत खाली ठेवता आला नाही. माणसं दुकानात येऊन वहीत लिहून गेली. ‘आवाज ऐकून काटा आला.’ ‘जुना कप्तान आला, आता मोहीम यशस्वी.’ तात्यासाहेबांनी फक्त एक मुद्दा लिहिला, ‘१. आवाज चांगला.’ रामकिसनला धड आनंद होईना, धड रागावता येईना.

गुरुवारी बन्सीनं त्याला कारखान्यात फोन केला. “भाऊ, येऊन जा. वहीत कोणीतरी लिवलंय.”

पानाच्या अगदी मधोमध, टर्नरच्या ताठ अक्षरात, दोन ओळी होत्या.

‘आवाज माझा आहे. विचारलं नाही.
सखाराम हिवराळे.’

“स्वतः आला होता?” रामकिसननं विचारलं.

“व्हय. पेन मागितलं, लिवलं, पेन ठिवलं, गेला. चहा घ्या म्हणलं तर नाय म्हणला.”

रामकिसननं ती दोन वाक्यं पुन्हा वाचली. आवाजाबद्दल आहेत हे त्याला कळत होतं. नुसती आवाजाबद्दल नाहीत, हेही कळत होतं. तो बन्सीला म्हणाला, “पुढचा रविवार मोहीम बंद.” त्या रविवारी बन्सीनं सोनाजीच्या चुलतभावाचं लग्न दाखवलं. एकाही प्रेक्षकानं तक्रार केली नाही, हा घाव वेगळाच.

चौदा जानेवारीला, ऐन संक्रांतीला, विद्यापीठाचा नामविस्तार जाहीर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सारजानं तिळगुळाचा डबा रामकिसनच्या हातात दिला.

“दरसाली पन्नास घरं हिंडता,” ती म्हणाली. “यंदा एकाच घरी जाऊन या. मी काही विचारत नाही कुठं.”

रिक्षावाला भीमनगर ऐकून हसला. “उधर आज भोत गर्दी है, मामू. सब नाच रहे. मोड पे छोडता.” मोडावरून रामकिसन चालत निघाला. निळे झेंडे, ढोल, गुलाल, रडणाऱ्या आणि नाचणाऱ्या म्हाताऱ्या. एका आजीनं त्याच्या तोंडात पेढा कोंबला. कोणीतरी ओरडलं, “अरे, हा तर गोळीवाला कप्तान!” आणि चार जणांनी त्याला वाट दाखवत थेट सखारामच्या दारात नेऊन उभं केलं. पळून जायची सोयच राहिली नाही.

सखाराम पन्नाशीला आला होता. पोट सुटलं होतं, मिशी पांढरी झाली होती, आवाज तोच होता. “ये,” तो म्हणाला. त्याच्या बायकोनं पाणी दिलं. मुलगी विशाखा, विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकणारी, दाराला टेकून या पाहुण्याकडं कुतूहलानं बघत होती.

रामकिसननं रिक्षात पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं. “सखाराम, तुझा आवाज न विचारता वापरला. चुकलं माझं.”

“बरं,” सखाराम म्हणाला.

बाहेर ढोल वाजत होते.

“आजून काही?” सखारामनं विचारलं.

पंधरा वर्षांचं सगळं रामकिसनच्या जिभेवर आलं. त्यानं ते मागं ढकललं आणि विचारलं, “यानाचं दार कसं वाटलं?”

सखाराम सावकाश म्हणाला, “उलटं बसवलंय. आतून दाब आसला की भाईर उघडणारं दार उडून जाईन. टर्नरला इचारायचं व्हतं.”

“आणि काका, मंगळावर वजन एक तृतीयांशाच्या जरासं वर भरतं,” विशाखा पुढं आली. “तुम्ही गुलमंडीवर भाजी आणायला निघाल्यासारखे चालता.”

तासाभरात ठरलं ते असं. रामकिसननं सखारामला कप्तानकी देऊ केली. पोटावर हात ठेवून सखाराम म्हणाला, “मी आता यानात मावत नाय. पोरीला इचार.” विशाखानं अटी घातल्या. कथा ती लिहिणार, कप्तान ती होणार, गुलाब येणार नाहीत, छपाई आतल्या बाजूला जाईल. तिळगुळाचा डबा रिकामा झाला आणि रामकिसन बाहेर पडला. जे विचारायला आला होता ते सोडून त्यानं सगळं विचारलं होतं. रस्त्यात त्यानं स्वतःला दोन शिव्या घातल्या.

चार दिवसांनी विशाखाची कथा आली. त्यानं ती स्टोअरच्या रॅकमागं उभं राहून वाचली. जुन्या मोहिमेचा कप्तान मंगळावरच मागं राहिलाय. पंधरा वर्षं पृथ्वीवरून त्याला कोणी एकदाही हाक मारली नाही. आता नवं यान त्याला न्यायला येतं. रामकिसनला तिनं यंत्र-सहायकाचं काम दिलं होतं, एका वाक्याचं. ‘कप्तान, यान तयार आहे, चला.’ पोरीला किती ठाऊक आहे हे विचारायचा धीर त्याला झाला नाही.

रविवारी सकाळी सगळे हर्सूलला जमले. जमावबंदी उठली होती. हवालदार तरीही स्टूल घेऊन आला, म्हणाला, बघायला आलोय. कडूबा मेंढ्या घेऊन एका बाजूला उभा होता, काळी पुढं. सखाराम साध्या खाकी शर्टात एका दगडावर बसला. विशाखानं इशारा केला. रामकिसन स्कूटरचं हेल्मेट घालून, वजन तिसऱ्या हिश्श्याइतकंच उरल्यासारखा उड्या टाकत, दगडापाशी पोचला. सखारामनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं.

रामकिसन वाक्य विसरला. एकच वाक्य होतं, तेही विसरला. मग तो हेल्मेटच्या आत काहीतरी पुटपुटला.

“काय?” सखाराम म्हणाला. “आयकू येत नाय.”

रामकिसननं हेल्मेट काढलं. “सखाराम, घरची कशी आहेत रे?”

विशाखाचा हात थांबायची खूण करायला वर गेला आणि तसाच राहिला.

“कव्हाची इचारतो?” सखारामनं विचारलं.

“अठ्ठ्याहत्तरपासूनची.”

सखारामनं मूठभर माती उचलली, सोडली. मग तो बोलायला लागला. चुलत्याचं घर गेलं, जात्यासकट. चुलता पुन्हा त्या गावात गेला नाही, इथंच वॉचमन झाला. आई त्र्याऐंशी साली गेली. शेवटपर्यंत म्हणायची, तुझा तो लिवणारा दोस्त आला न्हाई रं. “म्या म्हणायचो, यीन. सई केली तव्हा राग नाय आला मला, रामकिसन. चाळीस पावलं व्हती. ती मोजून मोजून राग आला.” मग भाऊ नोकरीला लागला, बहिणीचं लग्न झालं, विशाखा पहिली आली, सगळं क्रमानं सांगितलं. रामकिसन समोर मातीत बसला होता आणि रडत होता, चांगला हुंदके देऊन. सोनाजी कॅमेऱ्यामागं नाक ओढत होता, पण नवरी निघताना कॅमेरा बंद करायचा नसतो हे त्याला कोणी शिकवावं लागत नव्हतं.

शेवटी सखारामनं गुडघ्यावर हात दाबून उठत विचारलं, “यान तयार हाय ना? मंग चला.”

विशाखानं त्यातलं काहीही कापलं नाही. वडिलांना विचारून, तीस तारखेला अकरा वाजता, जसंच्या तसं लावलं.

सोमवारी रामकिसन वही बघायला गेला. मेंढ्यांबद्दल कोणी लिहिलं नव्हतं. कोणी काहीच लिहिलं नव्हतं, एकट्या तात्यासाहेबांचं अक्षर होतं. ‘१. मंगळावर हवा नसताना शिरस्त्राण काढणं ही गंभीर शास्त्रीय चूक आहे. २.’ दोनच्या पुढं जागा कोरी होती.

“लिवता लिवता थांबले,” बन्सी म्हणाला. “भीमनगरला कोणती रिक्षा जाती, आसं इचारलं आन् गेले.”

त्या आठवड्यात तात्यासाहेब सखारामकडं जाऊन आले. दुधाच्या रांगेतले दोघे गेले. जुन्या कॉलनीतली, आता सिडकोत राहणारी माणसं एकेक करून गेली, कोणी तिळगूळ घेऊन, कोणी हात हलवत. कोणाचं सखारामनं ऐकून घेतलं, एकाला दारातूनच परतवून लावलं. रोज संध्याकाळी चहा करून विशाखाची आई वैतागली आणि तिनं मोठं पातेलं आणायला पाठवलं.

रामकिसन शनिवारी गेला तर दारापुढं चपलांचा ढीग. आत शिरायला जागा नव्हती. ही सगळी आपल्यामुळं आली आणि आपण बाहेर उभे, असं त्याला क्षणभर वाटलं. तेवढा मान दुखावून घेण्याची सवय एका आठवड्यात जात नाही. मग आतून सखारामनं त्याला पाहिलं आणि माणसांवरून मान काढून विचारलं, “काय रं? आता काय इचारायचं राह्यलं?”

“काही नाही,” रामकिसन म्हणाला. “नुसताच आलो.”

सखारामनं शेजारच्या माणसाला सरकायला लावलं.

“मंग बस की,” तो म्हणाला.